तीन गुलाबी बिया

माझ्या नणंदबाई कुणाकडे निरखून बघायला लागल्या, की त्या माणसाला आपल्याला चार भोकं आहेत असं वाटायला लागतं. एकतीस वर्षं त्यांनी बटणं तपासली. वस्तीच्या टोकाला बटणांचा कारखाना आहे. तिथल्या मोठ्या खिडकीखाली त्यांचं टेबल, टेबलावर पांढरा ट्रे आणि ट्रेमध्ये ओतलेली बटणं. एखाद्याचं भोक तिरकं असलं, कडेचा टवका उडाला असला, रंग जरा इकडचा तिकडे असला, की वन्संचं बोट त्यावर पडलंच. वन्सं हा शब्द आता कुणी वापरत नाही, मला ठाऊक आहे. मी चिडवायला म्हणून सुरू केला आणि तो त्यांना चिकटला.

लग्न त्यांनी केलं नाही. आमचे हे, म्हणजे त्यांचे धाकटे बंधू, सांगतात की चार जण अगदी होकाराच्या दारापर्यंत आले होते. एकाचा डावा खांदा उतरता होता, एकाच्या भुवया जोडीच्या नव्हत्या, उरलेल्या दोघांचं काय बिनसलं ते गुलदस्त्यातच आहे. आमचे हे गाडी चालवायला शिकवतात, म्हणून बाहेर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि पाठीमागे मीसुद्धा.

तर कारखान्यात कॅमेरा आला. बटणं पट्ट्यावरून पळतात, कॅमेरा बघतो आणि खराब बटण फुंकर मारून उडवतो. वन्संना निरोप देताना साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्या आल्या त्यांनी सांगितलं की याचा मिनिटकाटा टोकाला वाकलाय. बघितलं तर खरंच वाकला होता.

त्यानंतर चार महिने त्या खालच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसून होत्या. आजारी नव्हत्या, रडतही नव्हत्या. माझ्याशी भांडत नव्हत्या, हे मात्र वाईट लक्षण होतं. आमचं एकमेकींशी भांडण हा या घरातला रोजचा व्यायाम. एकदा मी चहा द्यायला गेले तर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खालून चौथ्या ओळीतली एक टाइल केसभर खाली बसलीय. पण आता हे सांगायचं कुणाला?"   मी कप ठेवून वर आले आणि खूप घाबरले.

मग एके दिवशी मी दुकानातून खारातल्या काकड्यांची बाटली आणली. बोटाएवढ्या, अख्ख्या, मिठाच्या पाण्यातल्या. वन्संनी ती उजेडात धरली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"बारा आहेत. त्यातल्या पाच मऊ, दोन वाकड्या. हे पास कुणी केलं?"

"मग तुम्ही पिकवून दाखवा की चांगल्या," मी म्हटलं. वैतागूनच म्हटलं, मनात काही हेतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या बियाणेवाल्याच्या दारात उभ्या होत्या.

आता जागा. घरामागे आठ पावलांची मोकळी पट्टी आहे, आणि तिच्यावर मास्तरांचा डोळा होता. शिकवायच्या दोन गाड्या उन्हात तापतात, म्हणून त्यांना तिथे पत्र्याची शेड टाकायची होती. फॅब्रिकेटरला सांगूनही झालं होतं. तो कामात गळ्यापर्यंत बुडालेला, अडीच महिन्यांनी येऊन माप घेतो म्हणाला होता.

"मला तेवढे अडीच महिने दे," वन्सं म्हणाल्या.

"ताई, अडीच महिन्यांत काय होणार आहे? चार काकड्या येतील, त्यातल्या तीन तू नापास करशील." मास्तरांनी माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या तीन-तीन लिटरच्या बारा बरण्या कित्येक वर्षं धूळ खात होत्या. "त्या बाराच्या बारा भर. शेड रद्द. नाही भरल्या तर अडीच महिन्यांनी पत्रे."

"दिला शब्द?"

"दिला."

ते हसत म्हणाले, पण वन्सं हसल्या नाहीत. आणि मीही नाही. पट्टी गेली तर या बाई पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी उठणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

बिया आल्या त्या दिवशी दुपारी त्यांनी जुना पांढरा ट्रे काढला. तो त्यांनी कारखान्यातून मागून आणला होता. खिडकीखाली टेबल ओढलं, पाकीट फाडलं, बिया ओतल्या. पंचवीस नग. आणि मग ते बोट चाललं. मी दारात उभी राहून बघत होते.  चार महिने मांडीवर पडून असलेलं बोट एकेक बी सरकवत होतं, उलटं करत होतं, सरळ करत होतं. बावीस बिया पांढऱ्या, टपोऱ्या, टोकदार. तीन बिया गुलाबी.

"रंग वेगळा," वन्सं म्हणाल्या आणि त्या तिन्ही बाजूला काढल्या.

त्यांनी लहान पाकीट घेतलं, त्यावर तारीख घातली आणि लिहिलं, 'रंग वेगळा, ३ नग'. मी म्हटलं, टाकूनच द्या ना. तर म्हणाल्या, "नापास माल फेकायचा नसतो. उद्या कुणी विचारलं तर दाखवता आला पाहिजे."

बियांच्या पाकिटात घड्या घातलेला एक कागदही होता. मी म्हटलं, वाचून तरी बघा. "कागद वाचून माल कळत नसतो," असं म्हणून त्यांनी तो टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. आणि खरं सांगायचं तर मीही तो उचलून वाचला नाही.

पुढचा दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पट्टीतले दगड वेचले, शेणखत मिसळलं, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर बिया टोचल्या. सहाव्या दिवशी बावीसच्या बावीस वर आल्या. वन्सं पहाटे चप्पल न घालताच बाहेर, आणि मी त्यांच्या मागे. भिंतीला जाळी बांधली. वेलांनी तिला हात घातला आणि मग थांबायचं नाव नाही. रोज संध्याकाळी एकाच वेळी पाणी, कारण पाणी कमीजास्त झालं की काकडी कडू होते हे बियाणेवाल्याने त्यांना बजावलं होतं. बुडाशी वाळका पाला. मी ऑफिसातून आले की पिशवी टाकून आधी मागे जायची. "आज किती?" "तीन इंच." एका दिवसात तीन इंच. मास्तर म्हणायचे, माझे विद्यार्थी एवढे पुढे जात नाहीत.

आणि छत्तिसाव्या दिवशी फुलं. पिवळी, आणि प्रत्येक फुलामागे करंगळीच्या नखाएवढी काकडी, आधीपासूनच लागलेली. एका वेलावर सहा, दुसऱ्यावर आठ. वन्संनी मोजून वहीत आकडा लिहिला, एकशे एकेचाळीस. मी वरच्या खिडकीतून ओरडूनच मास्तरांना सांगितलं. आम्ही दोघींनी त्या दिवशी बाराही बरण्या माळ्यावरून उतरवून उकळत्या पाण्याने धुतल्या, फडक्यावर ओळीने उपड्या घातल्या. म्हणतात ना, बाजारात तुरी, तशातली गत.

तिसऱ्या दिवशी पहिली काकडी पिवळी पडली. मग तिची शेजारीण. नखाएवढ्या काकड्या चिमायच्या, सुकायच्या आणि हात लावला की गळायच्या. वन्संनी पाणी बघितलं, माती बघितली, पानं उलटून किडे शोधले. मुंग्यांवर संशय घेतला, माझ्यावर घेतला, शेजारच्या मांजरावर घेतला. नवी फुलं येतच होती, ढिगाने येत होती, आणि एकही टिकत नव्हती. आठव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या मागे नव्हत्या. खालच्या खोलीत, खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मी पिशवीसुद्धा ठेवली नाही. वेलाचा एक शेंडा तोडला आणि तशीच बियाणेवाल्याकडे गेले. त्याला चांगलं झापायचं असं ठरवून गेले होते. त्याने शेंडा हातात घेतला, फुलं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "गुलाबी बिया कुठे लावल्यात?"

"गुलाबी? त्या खराब होत्या ना."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो बाई, या जातीच्या वेलाला सगळी मादीफुलंच येतात, म्हणून तर भरपूर काकडी लागते. पण नरफूल नको का कुठेतरी? म्हणून पाकिटात दुसऱ्या वेलाच्या दोन-तीन बिया घालतात. ओळखू याव्यात म्हणून रंगवतात. कागदावर लिहिलंय की सगळं."

घरी जाताना माझे पाय पळत होते आणि मन मागे ओढत होतं. हे वन्संना सांगायचं कसं? ज्या बाईकडे डोळ्याशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं, तिला सांगायचं की तुमच्या डोळ्यानेच घात केला? शेवटी मला आडून बोलणं जमत नाही म्हणून सरळ सांगून टाकलं.

वन्सं उठल्या, कपाटातून ते लहान पाकीट काढलं आणि त्यावरचं स्वतःचं अक्षर वाचलं. मग टेबलाच्या पायाखालचा कागद ओढला, तोही वाचला. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

"बरोबर तीन," त्या म्हणाल्या. "बरोबर तीनच शोधून काढल्या मी. एकही चुकवली नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी त्या तीन बिया लावल्या. पण त्यांना फुलं यायला महिना तरी लागणार, आणि फॅब्रिकेटर यायला बरोबर एकतीस दिवस होते. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. मास्तर चहाचा कप घेऊन आले, सगळं ऐकलं, आणि चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "नरफूल म्हणजे ज्याच्यामागे काकडी नसते ते?"

"हो."

"मग ते आपल्या पंक्चरवाल्याकडे पोतंभर आहेत. दुकानाच्या पत्र्यावर त्याने साध्या काकडीचा वेल सोडलाय. टायर काढताना रोज माझ्यापाशी रडतो, फुलंच फुलं आणि काकडी एक नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस स्वतःच्या शेडवर स्वतःच्या हाताने पाणी ओतत होता. बिस्कीट कपात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बघतेस काय? फुलं सकाळी उघडतात म्हणे. सातला निघू."

सकाळी सातला त्यांची शिकवणी असते. ती काही रद्द करता येईना. म्हणून गाडी चालवायला दाताच्या डॉक्टरीणबाई, शेजारी मास्तर, आणि मागे मी व मांडीवर पांढरा ट्रे घेतलेल्या वन्सं, अशी आमची वरात निघाली. डॉक्टरीणबाईंचा शिकण्याचा तो चौथा दिवस. पहिल्या चौकात गाडी बंद पडली, दुसऱ्यात दोनदा. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, मग एक म्हातारबाबा चालत गेले. वन्सं मागून म्हणाल्या, "बाई, तुमचा डावा पाय लवकर सुटतो. पाव इंच उशिरा सोडा." तिसऱ्या चौकात गाडी बंद पडली नाही. मास्तरांनी मागे वळून बहिणीकडे असं बघितलं, जणू ती त्यांच्या पोटावर पाय देतेय.

पंक्चरवाल्याने शिडी लावली. "न्या की, सगळी न्या," तो म्हणाला. "मला काय करायचीत? नुसती शोभा." वन्सं शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून त्याचा वेल डोळ्यांनी चाळत होत्या. त्यांनी एक पान उचललं. त्याखाली एक फूल होतं आणि फुलामागे नखाएवढी काकडी.

"ही तुमची पहिली," त्या म्हणाल्या. "नरफुलं आधी येतात, मादीफुलं मागून. आता रोज बघत जा. आणि सगळी देऊ नका, दहा-बारा पुरतात मला."

पंक्चरवाला शिडीवर चढून त्या काकडीकडे बघतच बसला. परत निघालो तरी खाली उतरला नव्हता.

घरी येऊन वन्संनी नरफुलाच्या पाकळ्या सोलल्या, आतला पिवळा दांडा बोटांत धरला आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवला. एका दांड्यावर चार फुलं, मग नवा दांडा. तेच बोट, तोच सराव. बावीस वेल त्यांनी तासाभरात संपवले आणि मी ऑफिसला उशिरा पोचले.

तीन दिवस काही नाही. मला तर जेवण जाईना. चौथ्या दिवशी पहाटे खालून हाक आली, "अगं, खाली ये. चप्पल राहू दे." मी धावले. जाळीच्या मधोमध माझ्या तर्जनीएवढी एक काकडी लटकत होती, हिरवीगार, बारीक काट्यांची, ताठ. वन्संनी तिला हात लावला नाही. नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले. मग दोघींनाही लाज वाटली आणि आम्ही पाण्याच्या झारीवरून भांडलो.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू? काकड्या सुटल्या होत्या. सकाळी करंगळीएवढी दिसलेली संध्याकाळी अंगठ्याला भारी व्हायची. सकाळ-संध्याकाळ तोडायच्या, एकही विसरायची नाही. एक जरी पानाआड राहून मोठी झाली, पिकून पिवळी पडली, की वेल समजतो आपलं काम झालं, आणि नव्या काकड्या धरणं सोडतो. कॅमेऱ्याला पानाआडची दिसली असती का, देव जाणे. वन्संना दिसायची. मी रांग संपवून आले की त्या त्याच रांगेतून मूठभर काढून दाखवायच्या, वर माझ्याकडे असं बघायच्या की मला माझी चारही भोकं जाणवायची. रोज सातला डॉक्टरीणबाई पंक्चरवाल्याकडे. पंधरवड्यात त्या इतक्या सफाईने चालवायला लागल्या की मास्तर ते श्रेय स्वतःकडे घेऊ लागले.

स्वयंपाकघर माझं होतं, ते कारखाना झालं. काकडीचा फुलाकडचा शेंडा कापायचा, नाहीतर ती मऊ पडते. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम मीठ. तळाशी शेपू, लसूण, मोहरी. मग काकड्या उभ्या, एकमेकींना चिकटून. बरणी भरली की वन्सं चिठ्ठी चिकटवायच्या. तारीख, नग, आणि खाली 'पास'. पहिली बरणी, तिसरी, सहावी. मास्तर येता-जाता मोजायचे.

पण हाताने परागण करायचं म्हणजे प्रत्येक फुलाला सारखा पराग लागत नाही. मग काकडी एका बाजूने फुगते आणि वाकते. अशा वाकड्या वन्सं रोज बाजूला काढायच्या. कोपऱ्यात झाकणाच्या बादलीत मिठाचं पाणी होतं, त्यात टाकायच्या. बादलीवर चिठ्ठी, 'वाकड्या', आणि पुढे वाढता आकडा. नापास माल फेकायचा नसतो.

आणि तो दिवस उजाडला. त्या सकाळी दोन गोष्टी झाल्या. गुलाबी बियांच्या वेलांवर पहिली नरफुलं उघडली आणि त्यांच्यावर कुठूनशी एक मधमाशी आली. ती तिथून उठून बाजूच्या वेलावर गेली, तिथून पुढच्या. वन्संनी ट्रे खाली ठेवला. आता पंक्चरवाल्याकडे जायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे अकरा बरण्या भरल्या होत्या आणि बारावीत तळाला नऊ काकड्या होत्या.

दहा वाजता फॅब्रिकेटर आला. मास्तर त्याला मागे घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याने टेप काढलेला दिसला. मी बादलीचं झाकण उघडलं.

"वन्सं, चाळिसेक आहेत. भरून टाकू."

"त्या नापास आहेत."

"सरळच पाहिजेत असं कुणी म्हटलं होतं?"

"मी म्हटलं होतं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "नापास माल भरून जिंकायचं नाही मला. जाऊ दे पट्टी."

मला असा संताप आला. अडीच महिने या बाईच्या मागे अनवाणी धावले, बॉसची बोलणी खाल्ली, आणि ही चाळीस काकड्यांसाठी त्या खुर्चीत जाऊन बसणार. मी बोलायला नको ते बोलले.

"त्या तीन बियाही नापासच होत्या तुमच्या."

 वन्संनी माझ्याकडे बघितलं. या वेळी मला भोकं जाणवली नाहीत. मग त्यांनी बाही वर केली, बादलीत हात घातला आणि एक काकडी काढली. चंद्रकोरीसारखी वाकलेली. तिचा शेंडा कापला, बरणीत घातली, थोडी फिरवली, आणि ती शेजारच्या काकडीला कमरेत धरल्यासारखी बसली. मग दुसरी. वाकड्या एकमेकींत अशा अडकत गेल्या की मध्ये जागाच उरेना. एकेचाळीस बसल्या, तळातल्या नऊ धरून पन्नास. सरळ काकड्या तर आम्ही अडतीसच्या वर कधी बसवू शकलो नव्हतो.

त्यांनी बरणी उचलली आणि मागे नेऊन पायरीवर ठेवली. मास्तर वाकून बघत राहिले.  मग फॅब्रिकेटरला म्हणाले, "पत्रे राहू द्या. या वेलांना लोखंडी मांडव करायचाय. भिंतीपासून नळापर्यंत माप घ्या."

"आणि गाड्या?" मी विचारलं.

"तापू दे. थंड गाडीत लोक नीट शिकत नाहीत."

फॅब्रिकेटरने टेप ताणला. "सोळा फूट चार इंच."

"साडेतीन," वन्सं पायरीवरून म्हणाल्या. "मध्ये टेपला पीळ पडलाय."

तो हसला. मग त्याने टेप सोडवून पुन्हा लावला, आकडा वाचला आणि कानामागची पेन्सिल काढून वहीत खाडाखोड केली. वन्संचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पायरीवर बसून बाराव्या बरणीची चिठ्ठी लिहीत होत्या. तारीख घातली. नग लिहिले, पन्नास. त्याखाली 'वाकड्या' लिहिलं. मग पेन तसंच धरून थोडं थांबल्या, आणि त्याखाली, इतर अकरा बरण्यांवर होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'पास'.